सरवा

परवा इथे इस्रायलमध्ये दुकानात दुधाच्या फ्रिजसमोर ही गर्दी! आपल्या चक्क्यासारखं पण कमी आंबट असं इथलं पांढरं चीज, ते ५ टक्क्यांचं घ्यायचं की ९ टक्क्यांचं, यावरून एक जोडपं भांडत होतं. म्हटलं, ज्यूंचा शावुओत सण आला.

शावुओत म्हणजे आठवडे. पेसाख या वसंतातल्या सणाच्या दुसऱ्या रात्रीपासून रोज मोजत जायचं. सात आठवडे म्हणजे ४९ दिवस झाले की पन्नासाव्या दिवशी सण. सीनाय पर्वतावर याच दिवशी तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, मिळाली, अशी श्रद्धा आहे. मूळचा सण मात्र गव्हाच्या सुगीचा. दुधाचेच पदार्थ का, याची उत्तरं माणसागणिक वेगळी. मला आवडलेलं हे: हिब्रूत दुधाला ‘हालाव’ म्हणतात; तिथे प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो, ‘हालाव’मधल्या अक्षरांच्या आकड्यांची बेरीज ४०, आणि तोरा आणायला गेलेला प्रेषित मोशे पर्वतावर राहिला तेही ४० दिवस.

रात्रभर जागून ग्रंथ वाचतात. का, तर तोरा मिळायच्या सकाळी मंडळी चक्क झोपून राहिली होती, त्याची ही भरपाई! दूध आणि जागरण म्हटल्यावर मला कोजागिरीच आठवली. पण शावुओत येतो ज्यू पंचांगातल्या सिवान महिन्याच्या सहाव्या तिथीला; तेव्हाचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळूनही जातो.

यंदा बीरशेवातल्या आमच्या शेजारच्या मावशींकडे बोलावणं होतं. मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या, माहेर अलिबागकडचं. साठेक वर्षं इथे काढली, तरी मराठी अजून कोकणातलीच. शावुओतला रूथची कथा वाचतात, ती मला त्यांनी मराठीतून सांगितली.

“रूथ मवाबातली, म्हणजे परकीच. नवरा मेला. सासू, नामी, बेथलेहेमला परत निघाली. म्हणाली, तू जा गं माहेरी. ही ऐकेना. तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव, म्हणाली. मग खायला काय? गेली बवाजच्या शेतात सरवा वेचायला.”

सरवा! कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसं. आजी गेल्यापासून हा शब्द कानावर पडला नव्हता. तोरेत या सणाचे नियम सांगून झाले की लगेच पुढे येतं: शेताचा काठ पुरता कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. पुढे बवाजने रूथशी लग्न केलं आणि तिचा पणतू झाला दावीद राजा. सासूसाठी देश सोडणारी सून आपल्या मालिकावाल्यांना अजून कशी सापडली नाही, कोण जाणे.

सरव्याला हिब्रूत ‘लेकेत’ म्हणतात. त्याच नावाची एक संस्था आज इथल्या शेतांत उरलेली भाजी-फळं गोळा करून गरजूंपर्यंत पोचवते. हे मला मावशींच्या नातवाने सांगितलं आणि बदल्यात मराठी शब्द मागितला. ‘सर्वा, सर्वा’ असंच चाललं होतं त्याचं. मावशींनी दोनदा सुधारून पाहिलं, मग दमून चीजकेक कापायला उठल्या.