सोमवार काही केल्या डावीकडे येत नाही

दुपारी जरा निवांत होते म्हणून एक बारीकसं काम काढलं, मेलच्या सॉफ्टवेअरमधल्या कॅलेंडरचा आठवडा रविवारपासून सुरू होतो तो सोमवारपासून करायचा. बस, एवढंच. सेटिंग्जमध्ये गेले, कॅलेंडर, आठवड्याचा पहिला दिवस, खाली सात वारांची यादी उघडली, सोमवार निवडला आणि मागची महिन्याची अख्खी चौकट खटकन एक घर सरकली. काय बरं वाटलं म्हणून सांगू. शनिवार-रविवार शेवटी शेजारी शेजारी बसले, माझ्या डोक्यात कायम बसलेले असतात तसे. मग हात लागलाच आहे तर म्हणून दिवस आठऐवजी सातपासून दाखव, आठवड्यांचे नंबर दाखव, हेही करून घेतलं. प्रोग्राम बंद केला, तोंडावर पाणी मारून आले, परत उघडला.

रविवार डावीकडे. नंबर गायब. दिवस आठला सुरू.

मग आपण सगळे जे करतो तेच मी केलं, म्हणजे तेच सगळं पुन्हा केलं पण जरा हळू. जणू मघाशी त्याला नीट ऐकू आलं नव्हतं. सोमवार निवडला, दोन सेकंद थांबले, खिडकी हळूच बंद केली. बंद, चालू. रविवार. मग अख्खं मशीन बंद करून चालू. रविवार. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन बघितलं की मागे कुठे त्याचीच दुसरी प्रत लपून चालू आहे का, कारण तसं असलं की शेवटी बंद होणारी आपलं जुनंच खरं करते असं माझं आपलं एक मत आहे. नव्हती. अॅड-ऑन्स सगळे बंद करून बघितले. अपडेट आलं होतं तेही टाकलं, त्यात वीस मिनिटं गेली, आणि अपडेटनंतर मोठ्या उत्साहाने उघडलं तर नवीन आयकॉन आणि जुना रविवार.

आता कोणी म्हणेल एवढं काय त्यात, रविवार आधी असला तर काय बिघडलं. बिघडतं हो. दोन दिवस कुठे जायचं असलं, शनिवार-रविवार, की त्या कार्यक्रमाची निळी पट्टी मधोमध तुटते, अर्धी वरच्या ओळीत उजव्या टोकाला आणि अर्धी खालच्या ओळीत डाव्या टोकाला. एकाच तिकिटावरच्या दोघांना डब्याच्या दोन टोकांना जागा मिळावी तसं ते दिसतं. मला ते बघवत नाही. बाकी आयुष्यात मी बरीच तडजोड केलेली आहे, ही एक नाही होत.

आणि ही नुसती माझी लहर नाहीये, आयएसओ ८६०१ नावाचं जे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, १९८८ चं, त्यातही आठवडा सोमवारीच सुरू होतो. ज्या आठवड्यात वर्षाचा पहिला गुरुवार येतो तो पहिला आठवडा, असा त्यांचा नियम, त्यामुळे १ जानेवारी २०२१ हा शुक्रवार २०२० च्या त्रेपन्नाव्या आठवड्यात गेला. नवीन वर्षाचा पहिला दिवस, आणि उभा मागच्या वर्षाच्या रांगेत. मला हे फार आवडतं, सगळ्यांना सांगत सुटते, कोणी दोन मिनिटांच्या वर ऐकत नाही.

एक अजून सांगते मग पुढे जाऊ. एका कॅलेंडरमधून दुसऱ्या कॅलेंडरमध्ये तारखा पाठवायचं जे आयकॅलेंडर नावाचं प्रमाण आहे, १९९८ चं, त्यातच एक उदाहरण दिलंय. ५ ऑगस्ट १९९७, मंगळवार. तिथून एक आठवडा सोडून एक आठवडा, दर मंगळवारी आणि रविवारी, असे एकूण चार वेळा. आठवडा सोमवारी सुरू होतो असं धरलं तर तारखा येतात ५, १०, १९, २४. रविवारी धरला तर १० तारखेचा रविवार पुढच्या, म्हणजे सोडायच्या आठवड्यात जातो, आणि तारखा येतात ५, १७, १९, ३१. माणसं तीच, काम तेच, वार तेच, आणि १० तारखेला एक जण दाराशी उभा आणि दुसरा म्हणतोय अरे सतराला ठरलं होतं ना. माझं सेटिंग नुसतं दिसण्यापुरतं आहे, त्याने तारखा बदलत नाहीत, हे मला माहितीये. तरी पण.

तर असं चारपाच वेळा बंद-चालू झाल्यावर मी खुर्चीत मागे टेकून त्या रविवाराकडे बघत बसले आणि मला एकदम आमच्या घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर आठवलं. दाराच्या मागच्या खिळ्याला असायचं, दार उघडलं की भिंतीला घासून फरफर वाजायचं. त्याचं पान उलटायचा हक्क फक्त बाबांचा, एक तारखेला सकाळी, अंघोळीच्या आधी. मला धीर नसायचा. सुट्टीचा महिना दोन पानं पुढे असायचा आणि मी स्टुलावर चढून ती दोन पानं उलटून ठेवायचे, तळाचा कोपरा भिंतीशी दाबून बसवायचे, की नीट राहावं. संध्याकाळी बघावं तर परत चालू महिना. कोणी रागवायचं नाही, कोणी काही बोलायचंही नाही. दुसऱ्या दिवशी मी परत पुढे न्यायचे, संध्याकाळी परत मागे. असं एकदा आठवडाभर चाललं. मला तेव्हा खरंच वाटायचं की ते आपोआप होतं, कॅलेंडरला कळतं आज किती तारीख आहे. शेवटी एकदा मी विचारलंच तर बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "तू पान पुढे नेलंस म्हणून मला पगार लवकर मिळणार आहे का?"

आज वाटतं की त्या घरात अॅडमिनिस्ट्रेटर एकच होता आणि मी गेस्ट अकाउंट.

पण हे माझ्यापुरतंच नाही, मोठमोठ्या राज्यांनाही आठवड्याचं सेटिंग सेव्ह करता आलेलं नाही. फ्रान्सने १७९३ मध्ये दहा दिवसांचा आठवडा केला, सगळं कसं दशमानात. म्हणजे सातव्या दिवशी मिळणारी सुट्टी दहाव्या दिवशी. १८०२ मध्ये सात दिवसांचा आठवडा परत आला आणि १ जानेवारी १८०६ पासून नेपोलियनने ते कॅलेंडरच रद्द केलं. सोव्हिएत संघाने १९२९ मध्ये पाच दिवसांचा आठवडा आणला, कामगारांचे पाच रंगांचे गट, प्रत्येक रंगाची सुट्टी वेगळ्या दिवशी, म्हणजे कारखाना कधी थांबायलाच नको. नवरा पिवळा आणि बायको हिरवी निघाली तर दोघांची सुट्टी कधी एकत्र यायचीच नाही. १९३१ मध्ये पाचाचे सहा केले आणि १९४० मध्ये परत सात. अकरा वर्षं बंद-चालू करून शेवटी डिफॉल्ट. मग माझी एक दुपार गेली तर काय मोठंसं.

हे असं मनाला समजावत असतानाच सुचलं की बाकी सगळं बघून झालं, सेटिंग जिथे लिहिलं जातं ती फाइल बघितलीच नाही. ही अशी सॉफ्टवेअरं आपल्या आवडीनिवडी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवतात, प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये. चालू असताना सगळं त्यांच्या डोक्यात असतं म्हणून लगेच बदललेलं दिसतं, कागदावर मात्र उतरवायचं राहिलेलं असतं, ते बंद होताना उतरवतात. फोल्डर उघडला. ती फाइल होती, आणि तिच्या खाली तिच्याच नावापुढे एक, दोन, तीन, चार असे आकडे लावलेल्या फाइलींची ही रांग. एक उघडून बघितली. आत सोमवार होता! दुसरीत पण सोमवार, सात वाजता सुरू होणारा दिवस, आठवड्यांचे नंबर, सगळं. बिचाऱ्याने दर वेळी इमानेइतबारे नवीन प्रत लिहिली होती, फक्त जुनीच्या जागी ठेवता आली नाही म्हणून तिथेच बाजूला टाकून गेला होता. मी उगाच इतका वेळ त्याला बहिरा म्हणत होते.

का ठेवता आली नाही? मूळ फाइलवर राइट क्लिक केलं, प्रॉपर्टीज, आणि तिथे रीड-ओन्लीच्या, म्हणजे नुसतं वाचा, बदलू नका, या चौकोनात टिक. ती मीच केलेली. बघितल्याबरोबर आठवलं. भाचा सुट्टीत राहायला आला होता, त्याने माझ्या कॅलेंडरचे सगळे रंग जांभळे करून टाकले होते, आणि तो गेल्यावर मी सगळं जसंच्या तसं लावून, आता कोणी हात लावून दाखवा, म्हणून कुठेतरी वाचलेला हा उपाय केला होता. तेव्हा काय हुशार वाटलं होतं स्वतःला. भाचा आता मिशी फुटायच्या वयाचा झालाय, त्याला माझ्या कॅलेंडरशी काही घेणंदेणं नाही.

टिक काढली. आकडेवाल्या फाइली डिलीट केल्या, करताना जरा वाईटच वाटलं. सोमवार, सात, नंबर. बंद, चालू. सोमवार डावीकडे! परत बंद, परत चालू, उगाच, नुसतं बघायला. सोमवार.

मग लगेच पुढच्या मंगळवारची एक मीटिंग टाकायला गेले आणि सवयीने डावीकडून तिसऱ्या घरात टाकली, म्हणजे बुधवारी. ती हलवली. सगळं नीट बघून घेतलं, आणि आता इतक्या कष्टाने लागलेलं हे परत कोणी बिघडवू नये म्हणून त्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन रीड-ओन्लीवर टिक करून ठेवली. या वेळी विसरायला नको, कुठेतरी लिहून ठेवायला हवं. कॅलेंडरमध्येच टाकते, सोमवारी.