चिखलात पालथं पडून टिपलेले धोबी

फेब्रुवारी सरत आला की नागपूरचे बरेच पक्षीवाले कॅमेरा कपाटात ठेवतात. बदकं निघायला लागतात ना! पण धोबी पक्ष्यांची खरी मजा तेव्हाच सुरू होते. थंडीभर राखाडी, मळकट दिसणारा पिवळ्या डोक्याचा धोबी परत जाण्याआधी नवी पिसं घालतो. तो बदल टिपायचा म्हणून यंदा दहा तलाव न फिरता मी पारडगाव तलावाचा एकच काठ धरून बसलो.

पाणी ओसरतं तसा चिखल उघडा पडतो, त्यावर माशा-चिलटं येतात आणि त्यांच्यामागे धोबी. पाठलाग केलात तर हाती फक्त शेपट्या लागतात. उजाडायच्या आत जायचं, ओल्या कडेपासून जरा मागे पालथं पडायचं, कोपरांखाली पोतं घ्यायचं आणि हलायचं नाही. पाखरू चरत चरत आपणच जवळ येतं. जाळं काढायला आलेल्या एका काकांनी मला तसं पडलेलं पाहून हाक मारली, "काऊन भाऊ, तब्येत बरी नाही का?" कॅमेरा दाखवल्यावर हसले. "या धोब्यासाठी? हा तं रोज असते बाप्पा!"

शेपटी क्षणभर थांबत नाही, म्हणून शटरचा वेग १/१६०० सेकंदाच्या खाली नेत नाही. पिवळं डोकं कोवळ्या उन्हातही फटफटीत येतं, पिसांच्या रेषाच उडतात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, पाऊण स्टॉप (उजेडाचं माप) उतरवलं की रंग धरतो. ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरायला लागते. मग कितीही महाग लेन्स असो, फोटो मऊच, म्हणजे धूसर येतो. तेव्हा सरळ उठून तर्री-पोहे खायला जावं.

मार्चच्या सुरुवातीला एक नर अगदी जवळ आला. चेहरा हळदीसारखा पिवळा, टाळूवर मात्र जुन्या राखाडी पिसांचे ठिपके, आणि मानेमागची काळी पट्टी अर्धीच उमटलेली. पुस्तकात छापतात त्या पूर्ण सजलेल्या नरापेक्षा मला हाच जास्त आवडतो.

काठच्या बाभळीतल्या थिरथिऱ्या पक्ष्याची तऱ्हा वेगळी. तो वसंतात नवी पिसं घालतच नाही. जुन्याच पिसांच्या राखी कडा झिजतात आणि खालचा काळा रंग उघडा पडतो.

या दिवसांत उपजातीही कळतात. सायबेरियाकडे वीण करणाऱ्या पिवळ्या डोक्याच्या धोब्याची पाठ राखाडीच राहते, हिमालय-तिबेटकडच्या नराची काळी होते. थंडीत हे दोघं वेगळे काढणं फार अवघड. मार्चअखेर तसा काळ्या पाठीचा एक दिसला, पण दूर, ऊन चढल्यावर. फोटो मऊच आहे. पाठ काळी आहे एवढं दिसतं, नोंदीला तेवढं पुरतं. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकून दिला.