तुम्ही विचारलंत म्हणून: मुलगा हेड कोच कधी होणार?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दर वर्षी कोणीतरी विचारतंच. बाकीच्या जणींची मुलं काय करतात ते एका शब्दात सांगून होतं. माझं उत्तर मात्र वाण घेऊन चपला घालेपर्यंत पुरतं. "कॉलेज फुटबॉलमध्ये कोचिंग करतो" म्हटलं की आधी "तो पायाने खेळायचा?", मग "पगार भरपूर असेल ना? आमचे हे म्हणत होते, राज्यात सगळ्यात जास्त सरकारी पगार त्या कोचलाच असतो", आणि शेवटी "मग हा हेड कोच कधी होणार?" साताऱ्याहून सासूबाई फोनवर तेच विचारतात, फक्त त्यांच्या भाषेत, "मोठा साहेब कधी होणार गं तो?"

पायाने खेळायचा नाही, हा अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून अंगावर जायचा. आम्ही राहतो त्या अमेरिकेतल्या कोलंबस शहरात ओहायो स्टेट विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात आणि आमच्याकडे गणपतीच्या कार्यक्रमाची तारीख ठरवताना पंचांगाआधी मॅचचं वेळापत्रक बघतात. पगाराचंही खरं आहे, बऱ्याच राज्यांत कुलगुरूच काय, गव्हर्नरसुद्धा त्या कोचच्या जवळपास नसतो. पण ती शेवटची पायरी झाली. माझा मुलगा पहिल्या पायरीवर उभा आहे, आणि पायरीसुद्धा कशी, तर दोन वर्षांनी काढून घेतात अशी.

तिला ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणतात, बोलताना नुसतं जी.ए. एम.ए.-एम.एस.ची फी माफ, वर हातखर्चापुरते पैसे, आणि त्या बदल्यात पडेल ते काम. त्याचं काम म्हणजे मुख्यतः फिल्म, म्हणजे मॅचचे व्हिडिओ. पुढच्या शनिवारी ज्यांच्याशी सामना, त्यांच्या मागच्या सगळ्या मॅचेस घ्यायच्या, एकेक प्ले, म्हणजे एकेक डाव, कापायचा आणि त्यावर खुणा करायच्या: कितवा डाउन (पुढे सरकायचा कितवा प्रयत्न), किती यार्ड हवेत, कोण कुठे उभा, चेंडू मैदानाच्या कुठल्या बाजूला. तिसऱ्या डाउनला चार यार्ड हवे असताना हे लोक काय करतात, हे मंगळवारपर्यंत त्याला तोंडपाठ लागतं. मग तेच मोठ्या कार्डांवर काढायचं आणि सरावात राखीव मुलांसमोर धरून उभं राहायचं, म्हणजे ती मुलं समोरच्या संघाची नक्कल करणार. शिवाय विमानतळावरून कॉलेज बघायला आलेल्या शाळकरी खेळाडूंना आणि त्यांच्या आईवडिलांना घेऊन येणं. एकदा मी त्याला विचारलं, "अरे, गणितात डिग्री घेतलीस ती या कार्डांसाठी?" तो म्हणाला, "आई, हे गणितच आहे. फक्त उत्तर अंगावर धावून येतं."

तो स्वतः फारसा खेळलेला नाही, हेही लोक हळूच विचारतात. हायस्कूलमध्ये राखीव होता, कॉलेजात संघात घेतलंच नाही, म्हणून व्हिडिओ काढणाऱ्यांत घुसला. यावर माझ्याकडे एक हुकमी पत्ता आहे, माइक लीच. हा माणूस कॉलेजात फुटबॉल खेळलाच नव्हता. वकिलीची पदवी घेतली, वकिली केली नाही, आणि कॅलिफोर्नियातल्या छोट्या कॉलेजांत तुटपुंज्या पैशांवर कोचिंगला लागला. १९८९मध्ये फिनलंडमधल्या पोरी नावाच्या गावातल्या संघाचा कोचही होता. पुढे २०००पासून टेक्सस टेक विद्यापीठात दहा वर्षं हेड कोच, मग वॉशिंग्टन स्टेट, मग मिसिसिपी स्टेट. चेंडू सतत फेकत राहायची त्याची पद्धत आज शाळाशाळांत खेळतात. २०२२च्या डिसेंबरात तो गेला तेव्हा माझा मुलगा कॉलेजात होता, रात्री फोन करून बराच वेळ बोलत होता. आमचे हे फक्त एवढंच म्हणाले, "पण त्याच्याकडे वकिलीची पदवी होती." बाप तो बापच.

आता कधी होणार, याचं उत्तर. २०२५च्या हंगामात सर्वांत वरच्या गटात संघ होते १३६, म्हणजे हेड कोचच्या खुर्च्याही तेवढ्याच. निक सेबन या कोचचं नाव इथे शेंबडं पोरही सांगेल, सात राष्ट्रीय विजेतेपदं, त्यातली सहा अलाबामा विद्यापीठात. त्याला कोच व्हायचंच नव्हतं. केंट स्टेटमध्ये खेळून झाल्यावर तिथल्या डॉन जेम्स या कोचने १९७३मध्ये त्याला जी.ए. हो म्हणून सांगितलं आणि बायकोचं शिक्षण एक वर्ष उरलं होतं म्हणून तो थांबला. मग सिराक्यूज, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो स्टेट, नेव्ही, मिशिगन स्टेट, आणि प्रोफेशनल संघात ह्यूस्टन. स्वतः हेड कोच झाला १९९०मध्ये, टोलीडोला. सतरा वर्षांनी! तिथेही एकच वर्ष टिकला आणि पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली क्लीव्हलंडला गेला. त्याआधी १९८१चा हंगाम संपल्यावर आमच्या ओहायो स्टेटने त्याला नारळ दिला होता, ही गोष्ट इथली मंडळी फारशी काढत नाहीत.

नारळाचं सांगते, कारण हे बाहेरच्यांना माहीत नसतं. हेड कोचला काढलं की त्याच्याबरोबर सगळेच जातात. नवा येतो तो आपली माणसं घेऊन. माझ्या मुलाच्या दुसऱ्या वर्षी, थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी, त्यांच्या साहेबाला काढलं. मुलाला ते मीटिंगमध्ये नव्हे, फोनवरच्या बातमीतून कळलं. तेव्हा तो फिल्मच कापत होता. त्याने तो प्ले पूर्ण कापला, खूण केली, मग खोके शोधायला गेला. कॉलेजचं नाव सांगत नाही, सगळीकडे असंच चालतं. वरच्यांना निदान करार असतो. २०२३मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने हेड कोच जिम्बो फिशरला काढलं तेव्हा घरी बसायचे साडेसात कोटींहून जास्त डॉलर त्याला देणं लागत होते. जी.ए.ला त्या दिवशी पिझ्झा मिळतो.

जानेवारीत अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशन भरतं. भाषणं वगैरे होतात म्हणे, पण खरा बाजार हॉटेलच्या लॉबीत. शेकडो माणसं, सगळ्यांच्या अंगात आपापल्या कॉलेजचा पोलो शर्ट, ज्यांची नोकरी गेली ते साध्या शर्टात. माझा मुलगा साध्या शर्टात तीन दिवस उभा होता. तिथे अर्जाला किंमत नाही, "हा कोणाच्या हाताखालचा?" एवढंच बघतात. आपल्याकडे गवयाला घराणं विचारतात ना, तसं.

आणि घराणं म्हणजे खरोखर घराणं. सेबन १९७८-७९मध्ये वेस्ट व्हर्जिनियात ज्याच्या हाताखाली होता, त्याचं नाव फ्रँक सिग्नेटी. १९७९नंतर फ्रँकला काढलं, चेले पांगले. त्याचा मुलगा कर्ट त्याच विद्यापीठात खेळला आणि १९८३मध्ये पिट्सबर्गला जी.ए. झाला. मग डेव्हिडसन, राइस, टेंपल, परत पिट्सबर्ग, नॉर्थ कॅरोलायना स्टेट. २००७मध्ये सेबनने अलाबामात आपल्या जुन्या साहेबाच्या मुलाला घेतलं. २००९ला तिथे विजेतेपद मिळालं. कोणीही म्हणेल, आता कुठे हलू नकोस. पण कर्टची पन्नाशी आली होती आणि अठ्ठावीस वर्षांत हेड कोच कोणी केलं नव्हतं. २०११मध्ये तो अलाबामा सोडून, कमी पगारावर, दुसऱ्या डिव्हिजनच्या कॉलेजात हेड कोच म्हणून गेला, जिथे आधी वडिलांनी वीस हंगाम काढले होते. गावाचं नाव इंडियाना, पण राज्य पेनसिल्व्हेनिया. अलाबामाहून तिथे जाणं म्हणजे मंत्रालयातून तालुक्याला बदली मागून घेणं. लोकांना वाटलं, संपला.

सहा वर्षं तिथे, दोन वर्षं ईलॉन, पाच वर्षं जेम्स मॅडिसन. एकाही हंगामात विजयांपेक्षा पराभव जास्त नाहीत. २०२३च्या शेवटी त्याला दुसऱ्या इंडियानाने, म्हणजे इंडियाना विद्यापीठाने बोलावलं, आमच्या शेजारच्या राज्यातल्या, हरण्यासाठीच प्रसिद्ध असलेल्या. तेव्हा तो बासष्ट वर्षांचा. खेळाडूंना आपल्याकडे कसं वळवणार असं पत्रकारांनी विचारलं तर म्हणाला, मी जिंकतो, गूगल करून बघा. पहिल्याच वर्षी ११ विजय, आणि २०२५च्या हंगामात सोळापैकी सोळा सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद. जी.ए. झाल्यापासून बेचाळीस वर्षं!

माझ्या मुलाने हे सगळं मला सांगितलं ते मला धीर द्यायला की स्वतःला, कोण जाणे. मला त्या गोष्टीत दुसरंच दिसतं. इतक्या बदल्या, म्हणजे तितक्यांदा मुलांच्या शाळा, तितक्यांदा बायकोने स्वयंपाकघर लावलं आणि काढलं. त्या बाईला कोणी विचारत नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ठाऊक नाही. झाला तर केस पिकल्यावर. सध्या त्याला दुसऱ्या डिव्हिजनचं एक कॉलेज मिळालंय, आमच्याकडून गाडीने नऊ तासांवर. पगार असा की सासूबाईंना मी आकडा सांगितलेला नाही. पण आता तो जी.ए. नाही, टाइट एंड या जागेवरच्या पोरांचा कोच आहे. पोरं चारच. गेल्या रविवारी रात्री अकराला फोन आला. मी घाबरून उचलला. म्हणाला, "आई, उद्या सकाळी चौघांना घरी बोलावलंय. प्रत्येक जण सव्वाशे किलोच्या आसपास आहे. पोहे किती भिजवू?"