पट्ट्याचं दुसरं टोक

डॉक्टरांनी 'रोज चाला' म्हणून सांगितलं की माणूस मान डोलावतो, नवे बूट आणतो आणि आठवड्याभरात ते बूट कोपऱ्यात धूळ खात पडतात. पाऊस आहे, काल पाहुणे होते, आज गुडघा धरलाय. स्वतःच्या तब्येतीसाठी पहाटे उठणं जिवावर येतं. पण दाराशी कुणीतरी कुंई कुंई करतंय, आता नेलं नाही तर पायपुसणं गेलंच, हे कळलं की तोच माणूस टुणकन उठतो. घरात प्राणी असला की तब्येत सुधारते म्हणतात, त्यातलं निम्मं श्रेय माझ्या मते त्या प्राण्याच्या मूत्राशयाला द्यावं.

आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, हेच झालं. निवृत्तीनंतर त्यांचा मुक्काम टीव्हीसमोर. अशात लेकीनं पार्किंगमधलं गावठी पिल्लू उचलून आणलं. "कुत्रं दाराबाहेर," असा अण्णांचा हुकूम होता. तो साधारण पहिल्या थंडीपर्यंत टिकला. आता गुंड्याला रंकाळ्याकडे फिरवायला दुसरं कुणी नेलेलं अण्णांना खपत नाही. पट्टा अण्णांच्या हातात असतो, पण कुठं थांबायचं आणि कुठल्या खांबाची चौकशी करायची, हे दुसरं टोक ठरवतं. पावसात मात्र उलटं. गुंड्या सोफ्याखाली, अण्णा छत्री घेऊन दारात: "चल की रं, पाय मोकळे होतील!"

जन्मभर वाटेत कुणाशी न बोललेला हा माणूस आता रस्त्यात थांबून गप्पा मारतो. सुरुवात गोचिडांपासून होते. कुठलं पावडर चांगलं, कडुलिंबाच्या पाण्याचा काही उपयोग होतो का, आणि मग हळूच, मुलगा पुण्यात असतो, फोन करतो पण घाईत असतो. पट्टा हातात नसता तर ही गोष्ट अण्णांना कुणी सांगितली नसती आणि अण्णांनीही विचारली नसती. गल्लीतल्या पोरांना अण्णांचं आडनाव माहीत नाही. ते 'गुंड्याचे आजोबा' आहेत, आणि त्यांना ते आवडतं.

रक्तदाबाची गोळी मात्र चालूच आहे. ती कुत्र्यानं सुटत नसते. १९८० साली अमेरिकेत हृदयविकारातून वाचलेल्या रुग्णांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. घरी प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी वर्षभरात ३ दगावले, नसलेल्या ३९ पैकी ११. आकडे भुरळ घालणारे आहेत, पण माणसं थोडीच, आणि मुळात ज्याच्या अंगात त्राण आहे तोच कुत्रा पाळतो, ही शंका उरतेच. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१३ मध्ये संबंध असावा असं मान्य केलं, पण केवळ हृदयरोग टाळायला म्हणून प्राणी आणू नका, असंही बजावलं. हे मला फार पटलं. रेबीजची इंजेक्शनं, जंताच्या गोळ्या, भाकरी-दूध, केस, आणि लग्नाला निघताना 'घरात कोण थांबणार?' हा प्रश्न. औषध म्हणून आणलेला जीव या सगळ्यात लवकरच नकोसा होतो.

संध्याकाळी बातम्या लागतात. चार जण एकदम ओरडत असतात. अण्णांचा हात खुर्चीवरून खाली सुटलेला, आणि गुंड्या त्या हाताखाली आपलं डोकं आणून ठेवतो. मग बोटं त्याच्या कानामागच्या मऊ खळग्यात गोल गोल फिरत राहतात. हात थांबला की ओल्या नाकाची ढुशी. थोड्या वेळानं दोघं एकमेकांकडे बघत बसतात आणि टीव्ही एकटाच भांडतो. जपानमधल्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिलं की कुत्रा आणि मालक असे बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या ओढीतही हेच संप्रेरक असतं. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांच्या बाबतीत मात्र तसं काही आढळलं नाही.

त्याहून गमतीचा प्रयोग २००२ सालचा. अमेरिकेतल्याच २४० जोडप्यांना तोंडी गणितं घातली, बर्फगार पाण्यात हात धरायला लावला आणि रक्तदाब मोजला. ज्यांच्याकडे पाळीव प्राणी होते त्यांचा दाब तो प्राणी जवळ असताना सगळ्यात कमी चढला. नवरा किंवा बायको शेजारी असताना काही तेवढा निवांतपणा साधला नाही.

हे मी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. अण्णा ताटात बघत गप्प राहिले. सासूबाई म्हणाल्या, "त्याला काय मशीन लावायला पाहिजे होतं? गुंड्याला पाढे कुठं येतात चूक काढायला!"