स्पिन कोटर अपडेट: पांढऱ्या झाकेचं मूळ कूलरमध्ये

स्पिन कोटर म्हणजे काच किंवा सिलिकॉनची चकती जोरात फिरवून तिच्यावर द्रावणाची पातळ फिल्म पसरवणारं यंत्र. माझ्या घरगुती कोटरवरच्या फिल्मवर पांढरी झाक येत होती, तिचं कारण अखेर हाती लागलं. द्रावण नाही, काच नाही, फिल्टरही नाही. खिडकीतला कूलर.

सेटअप मागचाच: हार्ड डिस्कची मोटर, ड्रोनचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), सीडीच्या पारदर्शक डबीचं पॉलिस्टायरीन इथाइल ॲसिटेटमध्ये ३ टक्के (१०० मिलीला ३ ग्रॅम), २००० आरपीएम, ४० सेकंद. सकाळच्या फिल्म लख्ख निघायच्या आणि अकरानंतर त्याच बाटलीतल्या द्रावणाच्या फिल्मवर धुकं. नवतपा सुरू, बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के, म्हणून ओलाव्यावर संशय येत नाही. पण आकडा कोटरशेजारचा घ्यायला हवा. कूलर चालू असताना तिथे ३० अंश आणि ६५ टक्के, म्हणजे दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं पाणी थेंब धरू लागतं तो) जवळपास २३. बाहेरच्या कोरड्या हवेचा दवबिंदू १२ सुद्धा नाही. इथाइल ॲसिटेट उडताना फिल्मची उष्णता ओढून घेतं. सात-आठ अंशांची घसरण झाली की हवेतलं पाणी बारीक थेंबांनी फिल्मवर बसतं.

झाक येते ती वेळ बघण्यासारखी आहे. फिल्म पातळ होताना सिलिकॉनच्या चकतीवर दिसणाऱ्या रंगांच्या कड्या थांबायच्या बेतात असतात आणि तेवढ्यात कडेकडून दुधाळपणा आत सरकतो. ४०० पट मोठं करून पाहिलं की दोन-तीन मायक्रॉनचे गोल खड्डे दिसतात. धूळ किंवा न विरघळलेला कण असता, तर धूमकेतूसारखी बाहेर जाणारी शेपटी दिसली असती. निदान इथेच पक्कं होतं.

६० अंशांच्या हॉटप्लेटवर ही झाक जात नाही, कारण पाणी आधीच उडालेलं असतं आणि उरलेले असतात ते खड्डे. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणून तुकडा १२० वर दहा मिनिटं ठेवला. खड्डे भरले, फिल्म स्वच्छ! फार वेळ ठेवू नका, पातळ फिल्म काचेवरून आकसून थेंब धरते.

खरा उपाय मात्र द्रावक बदलणं. इथाइल ॲसिटेट ७७ अंशांना उकळतं, टोल्युइन १११ ला. टोल्युइन सावकाश उडतं, फिल्म तेवढी गार पडत नाही. कूलर चालू ठेवूनही झाक गायब. १५०० आरपीएमला सिलिकॉनवर फिकट सोनेरी, ३००० ला निळा; वेग दुप्पट केला की जाडी सुमारे १.४ पट घटते, हे रंगातच दिसतं. फार समाधान वाटलं.

टोल्युइनच्या नावाखाली एनसी थिनर (लॅकर रंग पातळ करायचं मिश्रण) घेऊ नका. नागपूरच्या इतवारी बाजारात रंगाच्या दुकानांत तो सहज मिळतो, पण त्यात ॲसिटोन, अल्कोहोल, एस्टर असं काहीही असतं आणि दर डब्याला प्रमाण वेगळं. शुद्ध, सीलबंद बाटलीच घ्या. रबरी टोकाची प्लॅस्टिक सिरिंजही नको: रबर फुगतं, त्यावरचं सिलिकॉन तेल द्रावणात उतरतं आणि फिल्ममध्ये गोल भोकं पडतात. सर्जिकलच्या दुकानातली काचेची सिरिंज आणि ०.४५ मायक्रॉनचा पीटीएफई (टेफ्लॉन) फिल्टर, विषय संपला.

टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीनं पेटू शकते तो) अवघा ४ अंश, त्यामुळे ईएससी आणि हॉटप्लेट कोटरपासून लांब, खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू.

पुढे कोटरभोवतीची हवा कोरडी ठेवायला सिलिका जेलची पेटी करायची होती: झाकणाखाली २५० ग्रॅम नारिंगी दाणे. निळे नकोत, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, आधी ब्युटिल ॲसिटेट का नको? उकळबिंदू १२६, वास टोल्युइनपेक्षा सुसह्य. पेटी राहू दे.

आणि पावसाळा आला की उलट दिशेनं जायचं. हेच खड्डे मुद्दाम, ओळीत पाडायचे. १९९४ मध्ये फ्रान्सुआ आणि सहकाऱ्यांनी कार्बन डायसल्फाइडमधल्या ताराकृती रेणूंच्या पॉलिस्टायरीनवर दमट हवा सोडून षट्कोनी जाळी मिळवली होती. कार्बन डायसल्फाइड घरी आणायचं नाही, भयंकर ज्वालाग्राही आणि विषारी. इथाइल ॲसिटेट, फिरवणं बंद, काचेवर एक थेंब आणि ८० टक्के आर्द्रता, इथून सुरुवात करतो. कोणी साध्या, सरळ साखळीच्या पॉलिस्टायरीनवर जाळी मिळवली असेल तर थेंबाचा आकार आणि हवेचा वेग कळवा.