ठरल्यानंतर विचारणे

कारखान्यातील व्यवस्थापन आणि कामगार यांच्या संयुक्त समितीच्या बैठकांचे इतिवृत्त वाचायला घेतले, की त्या ठिकाणी कामगारांचा सहभाग कितपत खरा आहे याचा अंदाज पहिल्या दोन-चार पानांतच येतो. पिण्याच्या पाण्याचा नळ, वाहनतळावरचे गळके पत्रे, गणवेशाचे कापड हे विषय एका बैठकीतून दुसरीत ढकलले जात राहतात. नव्या यंत्राची खरेदी, पाळ्यांची फेररचना किंवा एखादा विभाग कंत्राटदाराकडे देण्याचा विचार मात्र 'माहितीसाठी' या मथळ्याखाली एका ओळीत उरकलेला असतो. अशा बैठकांना मी युनियनच्या बाजूने बरीच वर्षे बसलो आहे. नळाचा प्रश्न क्षुल्लक आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. भट्टीसमोर आठ तास उभे राहणाऱ्याला तो तसा वाटत नाही. माझे म्हणणे एवढेच, की समितीत किती जण आहेत आणि ती वर्षातून किती वेळा भरते यापेक्षा, विषय टेबलावर येतो तेव्हा निर्णय व्हायचा आहे की होऊन गेला आहे, याला अधिक महत्त्व आहे.

यंत्रांची मांडणी बदलण्याचे साधे उदाहरण घेऊ. नकाशावर दोन यंत्रांमधील अंतर पुरेसे दिसते, परंतु लांब सळया लादलेली ट्रॉली तेथे वळवताना मागचे टोक कोठे आपटते, हे ती रोज ढकलणाऱ्यालाच ठाऊक असते. नकाशा कच्चा असताना त्याला विचारले, तर एक रेघ खोडून दुसरी काढावी लागते. पाया भरून झाल्यावर विचारले, तर त्याने काढलेली अडचण ही कुरबूर ठरते, तिची सोडवणूक खर्चिक होते आणि व्यवस्थापन म्हणते, की यांना बदलच नको असतो. पुढच्या वेळी तो माणूस गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्यालाच संमती समजले जाते.

निर्णयाआधी विचारणे ही बाब चांगुलपणावर सोडू नये, असे जर्मनीने फार पूर्वी ठरवले. तेथे किमान पाच कायम कामगार असलेल्या आस्थापनेतील कामगारांना आपले कामगार मंडळ निवडून देता येते, आणि कामाच्या वेळा, ओव्हरटाइम, कामगारांवर देखरेख ठेवू शकणारी तांत्रिक साधने अशा काही विषयांत त्या मंडळाच्या संमतीशिवाय मालकाला पुढे जाता येत नाही. एकमत झाले नाही, तर वाद दोन्ही बाजूंचे समसमान सदस्य आणि एक निःपक्ष अध्यक्ष असलेल्या समेट मंडळापुढे जातो. मोठ्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळावरही, म्हणजे व्यवस्थापनावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळावरही, कामगारांचे प्रतिनिधी असतात: 1951 च्या कायद्याने कोळसा आणि पोलाद उद्योगांत त्यांना निम्म्या जागा मिळाल्या, तर 1976 च्या कायद्याने 2000 हून अधिक कर्मचारी असलेल्या अन्य कंपन्यांतही. अर्थात या दुसऱ्या कायद्यात मते समसमान पडल्यास अध्यक्षाला जादा मत आहे आणि अध्यक्ष व्यवहारात भागधारकांच्याच बाजूचा असतो, तेव्हा ही बरोबरी जराशी लंगडीच म्हणायची. तरीही, मालकाला एखादी गोष्ट करण्यापूर्वी थांबून समोरच्याचे म्हणणे ऐकावेच लागते, ही सवय कायद्याने लागली.

कायद्याच्या अशा आधाराशिवाय, केवळ कराराच्या बळावर काय होऊ शकते याचे उदाहरण कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे सापडते. जनरल मोटर्सने तेथील मोटार कारखाना 1982 मध्ये बंद केला. गैरहजेरी, संप आणि सुमार दर्जा यांसाठी त्याची ख्याती होती. टोयोटाबरोबरच्या भागीदारीत 1984 मध्ये तो नुम्मी या नावाने पुन्हा सुरू झाला, तेव्हा युनियन तीच होती आणि घेतलेले बहुसंख्य कामगारही जुनेच होते. पूर्वी अभियंते स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभे राहत. आता गटातील कामगारांनी स्वतःच घड्याळ हाती घेतले, एकमेकांच्या कामाच्या वेळा मोजल्या आणि कामाची पद्धत लिहून काढली. दोष दिसताच दोरी ओढून असेंब्ली लाइन थांबवण्याची मुभाही त्यांना मिळाली. दर्जा आणि उत्पादकता दोन्ही सुधारली.

या कथेत दोरीचा उल्लेख सगळेच करतात. मला मात्र करारातील दुसरे एक कलम अधिक मोलाचे वाटते. कंपनीचे अस्तित्वच धोक्यात येण्याइतकी बिकट परिस्थिती ओढवल्याशिवाय ले-ऑफ होणार नाही, आणि तशी वेळ आलीच तर आधी वरिष्ठांचे पगार कमी केले जातील व बाहेर दिलेली कामे आत आणली जातील, असे व्यवस्थापनाने लिहून दिले होते. पुढे 1988 मध्ये मोटारींचा खप घसरला, तेव्हा कोणाला घरी न पाठवता प्रशिक्षणावर पाठवण्यात आले. कमी माणसांत काम कसे होईल हे सुचवणाऱ्यालाच त्या सूचनेमुळे नोकरी गमवावी लागणार असेल, तर तो ती सूचना कशाला करील? रोजगाराच्या हमीशिवाय सूचनापेटी लावण्यात काही अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या सहकार्याची मर्यादाही तेथेच दिसली. जनरल मोटर्स 2009 मध्ये भागीदारीतून बाहेर पडली आणि टोयोटाने 2010 मध्ये कारखाना बंद केला. लाइनवरच्या कामाची पद्धत ठरवणाऱ्यांना लाइन राहणार की नाही, हे ठरवता आले नाही.

आता युनियनच्या बाजूची शंका. व्यवस्थापनाबरोबर एका टेबलावर बसलो, तर सभासद आपल्याला मालकधार्जिणे म्हणतील, ही भीती प्रत्येक पदाधिकाऱ्याला असते आणि ती निराधार नाही. युनियनला बाजूला सारण्यासाठी व्यवस्थापनाने आपल्या मर्जीतील समित्या उभ्या केल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. अमेरिकेच्या 1935 च्या कायद्याने मालकाच्या वर्चस्वाखालील कामगार संघटनांवर बंदी घातली ती याच कारणाने, आणि 1992 च्या इलेक्ट्रोमेशन प्रकरणात तेथील राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने कंपनीने स्वतःच घडवलेल्या समित्या बेकायदा ठरवल्या. वेतन, रजा, हजेरी हे विषय सामूहिक वाटाघाटींचे आहेत. ते संयुक्त समितीत शिरू देऊ नयेत आणि समितीतील सदस्य युनियननेच नेमावेत किंवा कामगारांनी निवडावेत. उलट, केवळ नकार देत बाहेर बसणाऱ्या युनियनच्या हाती नकाशा पाया भरल्यावरच पडतो, हेही खरे आहे.

एका वर्गाचा मात्र दोन्ही बाजूंना विसर पडतो, तो म्हणजे सुपरवायझरांचा. समितीने मान्य केलेली सूचना त्यांच्याच पाळीत अमलात यायची असते, परंतु ती त्यांना बहुधा सूचनाफलकावरून कळते, आणि मग ती कोठे अडली याचा शोध महिनोन्महिने चालतो.

नवा करार लिहिताना मी चार-दोन साध्या गोष्टींचा आग्रह धरीन. कोणत्या विषयांची माहिती निर्णयाच्या किती दिवस आधी द्यायची, ते दिवसांत लिहावे. बैठकीचा वेळ कामाचा वेळ धरावा आणि प्रतिनिधींना ताळेबंद वाचायला शिकवावे, कारण आकडे न कळणाऱ्या माणसाला खर्चाच्या चर्चेत कोणीही गप्प करू शकतो. सूचना नाकारण्याचा अधिकार व्यवस्थापनाला राहील, पण नकाराचे कारण ठरलेल्या मुदतीत लेखी द्यावे लागेल, ते ज्याने सूचना केली त्याच्या हाती पडेल आणि पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात जसेच्या तसे नोंदले जाईल.