रेडिओतली टर्र-टर्र

आमच्या घरी पहिला मोबाइल आला तेव्हा तो वाजण्याच्या क्षणभर आधी फळीवरच्या रेडिओतून टर्र-टर्र असा आवाज येई आणि आई पोळी लाटता लाटता म्हणे, “बघ रे, कुणाचा तरी फोन येतोय.” तिचा अंदाज क्वचितच चुकत असे.

त्या आवाजात मोबाइल तंत्राच्या दुसऱ्या पिढीचे, म्हणजे टूजीचे, मर्म होते. १९७९ साली टोकियोत सुरू झालेल्या पहिल्या पिढीत प्रत्येक संभाषणाला स्वतंत्र फ्रिक्वेन्सी अडवून ठेवावी लागे. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन लावला तो थेट जीएसएमवर, म्हणजे टूजीच्याच एका पद्धतीवर, त्यामुळे ती पिढी आपण पाहिलीच नाही. जीएसएममध्ये एकाच फ्रिक्वेन्सीवर आठ फोन आळीपाळीने बोलतात आणि प्रत्येकाची पाळी सेकंदाला सुमारे २१७ वेळा येते. रिंग वाजण्यापूर्वीच फोन टॉवरला प्रतिसाद देऊ लागतो आणि त्याचे हे तुटक ठोके रेडिओच्या तारा पकडतात.

एसएमएसचे गणितही असेच काटेकोर होते. एका संदेशात १६० इंग्रजी अक्षरे मावत, देवनागरीत मात्र जेमतेम ७०, आणि त्यातही काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जात. ‘शुभेच्छा’ हा तीन अक्षरी शब्द आठ जागा खाई. दिवाळीला आपण सगळे रोमन लिपीत मराठी का लिहीत होतो, याचे निदान एक कारण तरी हे होते.

थ्रीजीने पाळ्या मोडून सर्वांना एकाच वेळी बोलू दिले आणि प्रत्येकाला ओळखायला वेगळा संकेत (कोड) दिला. ठोके गेले, तशी टर्र-टर्रही गेली. खरी उलथापालथ मात्र मला फोरजीची वाटते, कारण तिथे आवाजासाठी राखून ठेवलेली वाटच उरली नाही; बोलणेसुद्धा इंटरनेटवरच्या इतर माहितीसारखे पाकिटांतून जाऊ लागले. ही सोय होईपर्यंत फोरजी फोनही कॉल आला की खालच्या पिढीवर उतरत असे. २०१६ साली आलेल्या जिओला खाली उतरायला पायरीच नव्हती, म्हणून तिथे व्होल्टी, म्हणजे फोरजीवरूनच बोलण्याची ही सोय, अपरिहार्य ठरली. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या फाइव्हजीने माझ्या रोजच्या वापरात तरी फारसा फरक पडलेला नाही.

बाबांनी बटणांचा टूजी फोन अजून सोडलेला नाही. रविवारी मी त्यांना फोन लावला, तेव्हा पहिल्याच रिंगला आईने तो उचलला होता.